हसायला शिकवता, अधिकार कधी देणार?

संपादक महोदय,

हॉटेलात माणसे टिकेनाशी झाली की भावनिक बुद्धिमत्तेचे, म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून वागण्याचे, एक दिवसाचे शिबिर लावून व्यवस्थापन मोकळे होते. शिबिर वाईट नसते. पण तेवढ्याने नोकरीत समाधान येत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्येच 'भावनिक श्रमा'चे, म्हणजे नोकरीचा भाग म्हणून भावना आवरण्याचे, दोन प्रकार सांगितले होते. एक, आतून धुमसत असताना वरवर हसणे. दुसरा, समोरचा का चिडला हे ओळखून स्वतःचा राग खरोखर उतरवणे. माणूस पोखरला जातो तो मुख्यतः पहिल्याने. प्रशिक्षणाचा उपयोग दुसऱ्यासाठी.

रात्री साडेअकराला पाहुणा येतो. बुकिंग आहे, खोली तयार नाही. रिसेप्शनवरचा शिकलेला मुलगा त्याला मध्ये तोडत नाही, त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत मांडतो, एका वाक्यात माफी मागतो. मग 'वीस मिनिटांत खोली देतो, आजच्या भाड्यात सवलत देतो' असे ठोस सांगायची वेळ येते, आणि तिथे गाडी अडते. 'मॅनेजरना विचारतो' म्हटले की पाहुणा दुप्पट भडकतो, आधीची मेहनत पाण्यात. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलसाखळीत साध्या कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यासाठी २००० डॉलरपर्यंत खर्च करता येतो, हे प्रसिद्धच आहे. इतके नको, पण खोली बदलणे, एक जेवण, ठरलेल्या टक्क्यांची सवलत एवढे अधिकार तरी काउंटरवरच्या माणसाकडे असावेत.

दुसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. ज्याला माणसे सांभाळता येतात त्याच्याकडेच प्रत्येक तिरसट पाहुणा ढकलला जातो. 'तूच बघ, तुला जमते.' सर्वांत आधी राजीनामा देतो तोही हाच! अशा पाहुण्यांची टेबले आणि तक्रारी शिफ्टच्या ब्रीफिंगमध्येच वाटून द्याव्यात. मोठ्या वादानंतर दहा मिनिटे पाहुण्यांच्या नजरेआड बसू द्यावे. ब्रेक शिफ्ट (मध्ये काही तास मोकळे सोडून दोन तुकड्यांत काम) लावून रात्री अकराला सोडलेल्या माणसाला सकाळी सातला पुन्हा उभे करायचे आणि वर संयम शिकवायचा, हे तर हास्यास्पदच.

शिबिर संपताच भरून घेतलेल्या 'आवडले का'च्या फॉर्मवरून काही कळत नाही, त्यातून फॉर्मवर नाव असेल तर मुळीच नाही. तीन महिन्यांनी पाहावे: किती तक्रारी काउंटरवरच मिटल्या, आजारपणाच्या रजा वाढल्या की घटल्या, आणि नव्या भरतीतले किती जण पहिल्या ९० दिवसांत सोडून गेले.

— आतिथ्य क्षेत्रातील प्रशिक्षक