मुलांना घेऊन मुंबई? आधी वार बघा

महोदय,

सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायला निघालेली कुटुंबं बहुतेकदा वारालाच फसतात. भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय म्हणजे राणीची बाग आणि तिला लागूनचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) सुरू होण्याआधीच भायखळा गाठावं. बागेतले पेंग्विन आधी उरकावेत, दुपारची रांग लेकरांना सोसत नाही. घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो, वर सुमारे १२० पायऱ्या. आणि हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ती ओढतातच! दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नयेत. ‘आज बाग बंद’ हा फलक भायखळा स्थानकातच लावला, तर लहानग्यांची पायपीट तरी वाचेल.

– एक वाचक, डोंबिवली