मियापूर टाळता येत नाही

रत्नागिरी
मंगळवार, रात्रीची जेवणं झाल्यावर

प्रिय सुध्या,

आमच्या तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं पित्त आहे तसंच. हा विषय संपला.

बंड्याचं नाव निघालं की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून हे कागदावर लिहितोय. पत्र फार तर फाडशील, पण त्याआधी वाचशील.

डिसेंबरातली सायकलची राइड पक्की. इथल्या भाट्याच्या वाळूतून निघायचं आणि आंध्रात मछलीपट्टणला मंगिनपुडीच्या वाळूत थांबायचं. हजाराच्या आसपास किलोमीटर, आठ दिवस. मेसच्या टेबलावर ॲटलास उघडून आपण पट्टीने मोजली होती तीच रेघ. तू म्हणायचास, कृष्णेला जमतं तर आपल्याला का जमू नये? आणि बंड्या म्हणायचा, कृष्णेला रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

तर बंड्या येतोय.

थांब, फाडू नकोस. मी बोलावलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आमच्या शिरीषच्या पोटात काय राहतं ते तुला माहीत आहे. गणपतीनंतर एका सकाळी कोल्हापूरहून फोन आला, "सायकल घेतली." म्हटलं, कुठली? तर कुणा रेस मारणाऱ्या पोराची जुनी कार्बनची. पुढच्या चक्रांना दात ५३-३९, मागच्यांना ११-२५. म्हणजे सपाटीवर विमान आणि घाटात धोंडा. मी सांगितलं, पुढे ५०-३४ टाक, मागच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, निदान ३२ दातांपर्यंतची घे, आंबा घाट तुझी डिग्री बघत नाही. तर म्हणे, आपण हर्क्युलसवर गिअरशिवाय पन्हाळा चढलोच की. चढलो! तू आणि मी चढलो. हा वाघबिळापासून ढकलत आला होता.

मला वाटलं, महिनाभरात खूळ जाईल. टाळायला म्हणून अटही घातली, आधी दोनशेची बीआरएम कर, म्हणजे दोनशे किलोमीटरची वेळ लावलेली राइड, साडेतेरा तासांत. केली रे त्याने. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं उरली असताना पोचला आणि फोन करून नुसतं "झालं" म्हणाला. बंड्या, आणि एका शब्दात! मी दोनदा विचारलं, दुसरं कुणी बोलतंय का.

आता खरी गोष्ट. ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघं इथून आंब्यापर्यंत जाऊन आलो. साखरप्याला चहा घेतला आणि घाटाला लागलो. रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे, त्यामुळे कुठे खडी, कुठे धूळ, मागून टिपर. माझ्या २५ मिलिमीटरच्या टायरांनी दात खिळखिळे केले. (२८चे मागवलेत. फ्रेममध्ये जेमतेम बसतात.) अर्ध्या चढावर कोल्हापूरला निघालेला मासळीचा टेम्पो शेजारी येऊन हळू झाला. ड्रायव्हर म्हणाला, "टाका मागं, सोडतो वर." मी मुद्दामच बंड्याकडे बघितलं नाही. तो धापा टाकत होता, तोंड लालबुंद. म्हणाला, "नको दादा. आमचा एक माणूस हैदराबादला बसलाय, त्याला तिथवर वास येईल."

मी सायकलवरून पडायचा राहिलो.

म्हणजे करूळ घाटात तो ज्यात बसला तो मासळीचा टेम्पो त्याच्या लक्षात आहे. इतकी वर्षं शपथा घेत होता की गगनबावड्यापर्यंत चढून आलो! माथ्यावर पोचल्यावर मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. दोन प्लेट भजी खाल्ली आणि पैसे त्याने दिले. हे शेवटचं वाक्य परत वाच.

टेम्पोवरून तू बोलणं टाकलं नाहीस, ते मला कळतं. अण्णांच्या वेळी तो आला नाही, त्यावरून टाकलंस. त्याची बाजू मी मांडणार नाही. त्यानेही माझ्यापाशी मांडली नाही, एवढंच म्हणाला, "मला मियापूरपर्यंत यायचंय, पुढचं समुद्राचं पुढे बघू." हैदराबादेत मियापूरला तुझ्यापर्यंत यायला बस आहे, रेल्वे आहे. पण बंड्याला सरळ रस्त्याने कधी काही करता आलंय? बीजगणितही मागून सोडवायचा.

म्हणून गेले काही दिवस मी रात्री नकाशा घेऊन बसतोय. तुझं घर टाळून जाता येतं का, हे बघायला. राग मानू नकोस, तुम्हा दोघांना समोरासमोर आणायची माझ्यात ताकद नव्हती. पण सोलापूर सोडलं की रस्ता एकच, हायवे ६५. उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी, पाटणचेरू आणि मग थेट तुझ्या सोसायटीचं गेट. बाहेरून वळसा मारावा तर आउटर रिंग रोडवर दुचाकीलाही बंदी, सायकलला कोण सोडतो. तुमचा तो सोलरच्या छपराखालचा सायकल ट्रॅक भलतीकडे, आणि तोही २३ किलोमीटरच. उत्तरेकडून बिदर करून काही निघतं का तेही पाहिलं. दिवस वाढतो, रजा संपते. मियापूर टाळता येत नाही.

तारखांचंही त्रांगडं आहे. वारं पाठीशी हवं तर पावसाळ्यात जायला हवं, आणि पावसाळ्यात आंबा घाटात कोण जातो? डिसेंबरात वारं ईशान्येचं, म्हणजे मिरजेपासून सोलापूरपर्यंत तोंडावर. सुरुवातीला निघावं तर उपसागरातली वादळं. २०२३ साली ५ डिसेंबरला मिचाँग बापटल्याजवळ किनाऱ्याला लागलं, ते मछलीपट्टणपासून काही लांब नाही. जानेवारीत ढकलावं तर संक्रांतीला सगळं हैदराबाद विजयवाड्याच्या रस्त्यावर, हे तूच सांगितलंस. उरला नाताळचा आठवडा. त्यात उसाचा हंगाम. सांगोल्यापर्यंत जोड-ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच, हा माझा एकमेव नियम. बंड्याने मान हलवली, पण त्याच्या मान हलवण्याला किती किंमत द्यायची ते आपल्याला माहीत आहे.

मंगळवेढ्याच्या त्या उघड्या रानात वाऱ्यात पुढे कोण राहणार, हाही प्रश्नच. मागे चिकटून चालवणाऱ्याचे निदान पाव हिस्सा तरी श्रम वाचतात, आणि बंड्याने आयुष्यात कधी पुढची पाळी घेतलेली नाही. पूर्वी तू असायचास. तुझ्या त्या पाठीमागे आम्ही दोघं आणि एखादं कुत्रंही निवाऱ्याला यायचं.

तुझं काय चाललंय? सानिकाचे क्लास रविवारीही असतात हे ऐकून वाईट वाटलं, तिला म्हणावं काकाने ॲटलास जपून ठेवलाय. वहिनींची बदली रद्द झाली ना? टँकरचं पाणी सुटलं असेल तर बरंच. सायकल चालवतोस की तिच्यावर टॉवेल वाळत घालतोस?

मला हवंय ते असं. आम्ही झहीराबादहून सकाळी निघून दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचतो. शंभराच्या आतबाहेर अंतर आहे. रात्री तिघं एका घरात. सकाळी तू आमच्याबरोबर निघायचं, जसं ठरलं होतं तसं, सूर्यापेट, मग विजयवाडा, प्रकाशम बॅरेजवर कृष्णा बघून मछलीपट्टण. तिला कोल्हापुरापासून नावं बदलत बदलत आपण गाठलेलं असेल. परतीला विजयवाड्याहून कोणार्क एक्सप्रेस, सायकली पार्सलच्या डब्यात. तुझं तिकीट आम्ही काढत नाही, कारण तुला तिथून उलटं सिकंदराबादला उतरायचं की आमच्याबरोबर सोलापूरपर्यंत यायचं, हे तुझ्या मर्जीवर.

बंड्याशी बोल असं मी म्हणत नाही. नाही बोललास तरी चालेल, तो दोघांचं बोलतो. पण त्याला घरात घेणार नसशील तर आत्ताच कळव, म्हणजे पाटणचेरूला लॉज बघतो. मग मीही तिथेच राहीन, हे आधीच सांगून ठेवतो. एकट्या बंड्याला लॉजवर ठेवून तुझ्याकडे वहिनींच्या हातची भाकरी मला जाणार नाही.

घेणार असशील तर फोन करू नकोस, नुसता मेसेज टाक की सायकली बाल्कनीत राहतील का पार्किंगमध्ये. लिफ्टचं माप पण पाठव. त्याची कार्बनची आहे, पार्किंगमध्ये ठेवली तर रात्रभर खाली जाऊन बघून येईल आणि तुझ्या वॉचमनला झोपू देणार नाही.

तुझा,
नंदू

ता. क. ७०० बाय २८च्या ट्यूबा तुमच्याकडे स्वस्त मिळत असतील तर सहा घेऊन ठेव. बंड्याच्या नावावर लिही.