भाला मालकाचा, खांदा गड्याचा

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "सामुराई सिनेमा म्हणजे कुरोसावा, बाकी सगळं भरताड." तेव्हा बस समोर आली म्हणून गप्प बसलो. आता सवडीने भांडतो.

तोमू उचिदा या जपानी दिग्दर्शकाचा 'ब्लडी स्पिअर ॲट माउंट फुजी' बघ. १९५५चा, म्हणजे तुझ्या कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'च्या पुढच्याच वर्षीचा. तिथे शिचिरोजी नावाचा सामुराई झालेला नट दाइसुके कातो इथे गेन्ता नावाचा गडी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावरही उचिदा बरीच वर्षं चीनमध्येच होता. परतल्यावर केलेला हा पहिला सिनेमा. मदतीला दिग्दर्शक ओझू उभा राहिला!

एक तरुण सामुराई दोन गडी घेऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, निघालाय. मालक देवमाणूस, पण घोट पोटात गेला की तलवारीला हात. त्याचा उंच भाला वाहतो दुसरा गडी, गोनपाची. मागे एक अनाथ पोरगं लागतं. त्यालाही मोठेपणी भालाच वाहायचाय. पाऊण सिनेमा नुसती वाटचाल: सराया, चोर, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारी बाई, लेकीला विकायला निघालेला बाप. बडे लोक फुजी बघत चहा पिण्यासाठी अख्खा रस्ता अडवतात आणि पोट बिघडलेलं ते पोरगं नेमकं तिथेच जवळ बसतं. वासाने मैफल उठते. मी एकटाच खदाखदा हसलो.

त्या मुलीला सोडवायला मालक घराण्याचा भाला विकायला काढतो, तर तो नकली निघतो. गोनपाचीने इतके कोस वाहिला तो!

आणि मग ती मारामारी. मालक गेन्ताबरोबर एका पंगतीला पितोय, एवढ्यावरून दारू चढलेले सामुराई दोघांनाही कापून टाकतात. गोनपाची उशिरा पोचतो. गोनपाची झालेला चिएझो काताओका म्हणजे तलवारबाजीच्या सिनेमांतला बडा हिरो, पण इथे त्याला भाला धरताही येत नाही. कुदळ चालवावी तसा चालवतो. पिंपं फुटतात, साके (तांदळाची दारू) अंगणात वाहते, सगळे त्या चिखलात घसरतात. पार्श्वसंगीताची ऐट नाही, नुसती धाप. माझ्या हाताला घाम आला होता.

स्वामिनिष्ठ म्हणून त्याला सोडतात. गळ्यात दोघांच्या अस्थी घेऊन तो निघतो. पोरगं म्हणतं, मलाही ने. तर हा त्याच्यावर ओरडतो: भाला वाहणारा होऊ नकोस, कधीच. पोरगं रडत रस्त्यातच उभं राहतं.

दिवाळीत येशील तेव्हा पुन्हा लावू. तोवर कुरोसावाबद्दल एक शब्द बोलू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या