अनुदान सातबाऱ्याच्या नावावर, शेत वाटेकऱ्याच्या हाती

संपादक महोदय,

शेतीच्या अनुदानाचा विषय निघाला की बोट दलालाकडे जाते. दलाल आहेतच. पण नाशिक जिल्ह्यात अनुदान कोणाच्या पदरात पडणार, हे बहुतेक वेळा अर्ज भरण्याआधीच ठरलेले असते. सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि आधी पदरचे पैसे घालण्याची ऐपत कोणाची आहे, एवढ्यावर ते ठरते.

कांदा साठवायच्या चाळीचेच घ्या. सुधारित मापदंडाप्रमाणे २५ टनांपर्यंतच्या चाळीला टनामागे ८,००० रुपये खर्च धरून त्याच्या निम्मे मिळतात. म्हणजे २५ टनांना एक लाख. पण हा लाख सर्वांत शेवटी येतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग स्वखर्चाने बांधकाम, बिले, जागेवर तपासणी आणि त्यानंतर आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. पूर्वसंमतीआधी बांधकाम केले तर अनुदानावर पाणी सोडायचे. उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो. पूर्वसंमती जूनमध्ये हाती आली तर तो हंगाम शेतातल्या ढिगावर ताडपत्री टाकूनच काढावा लागतो. ज्याच्याकडे दोन लाख मोकळे नाहीत त्याने उसनवारी करून चाळ उभारली, तरी अनुदान येईपर्यंतचे व्याज त्यातलाच घास खाते.

शिवाय सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. लागवड लांबली आणि ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून पीक नोंदवण्याची) मुदत टळली की पीकपेरा कोरा. जमिनीचे खाते सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती. वडील वारले आणि वारसनोंद रखडली, तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा? गावोगाव अशी कितीतरी खाती निघतील.

या साऱ्यात वाट्याने किंवा खंडाने शेती करणारा कुठेच नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे खरेच. पण जमीन कुळाकडे जाईल या धास्तीने आज मालक वाट्याचा करार कागदावर आणत नाही. सगळे तोंडी. त्यामुळे बियाणे, मजुरी, फवारणीत खर्च वाटेकऱ्याचा. ठिबक, चाळ, पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० मात्र उताऱ्यावरील नावाला, मग तो माणूस शहरात नोकरीला का असेना. (पीएम किसानमध्ये आयकर भरणारे, सरकारी नोकर आदी वगळले आहेत, एवढीच काय ती गाळणी.) २०२३ मध्ये लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान आले. तेव्हा एकाच कुटुंबात विक्रीपट्टी एकाच्या नावे आणि उतारा दुसऱ्याच्या नावे असेल, तर शपथपत्र घेऊन रक्कम उताऱ्याच्या नावावर गेली. बाप-लेकांत हे चालून जाते. पण मालकाच्या नावावर आलेली रक्कम वाटेकऱ्यापर्यंत सरकेलच, याची हमी कोण देणार?

वाटेकऱ्याला थेट लागू होणारे एक मोठे अनुदान म्हणजे खताचे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळायला सातबारा लागत नाही, अंगठा पुरतो. तिथे लिंकिंगचे, म्हणजे युरियाबरोबर नको असलेला दुसरा माल गळ्यात मारण्याचे, लचांड वेगळे.

करण्यासारखे बरेच आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला होता. त्या धर्तीवर कुळाचा हक्क न देणारा, एकाच हंगामापुरता कसणुकीचा दाखला गावातच मिळावा, आणि निदान पीकविमा, नुकसानभरपाई व बाजारभावाशी निगडित अनुदान त्यावर द्यावे. अल्पभूधारकाला चाळीचे निम्मे अनुदान पाया-खांब झाल्यावर आणि उरलेले छप्पर पडल्यावर मिळावे. पूर्वसंमती डिसेंबरअखेर द्यावी. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लाभार्थ्यांच्या नावापुढे तीन तारखा लावाव्यात: अर्जाची, पूर्वसंमतीची आणि पैसे जमा झाल्याची.

– एक वाचक, निफाड, जि. नाशिक