डॉक्टर, त्या पट्टीसाठी

डॉक्टर,

आमच्या बंड्याला, आमच्या कुत्र्याला, जाऊन आज 19 दिवस झाले. आभार मानायला एवढे दिवस लावले, कारण लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला डोळे भरून यायचे. आजही तसंच होतंय, पण आता लिहूनच टाकतो. आणि सगळ्यांसमोर लिहितो, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

तुमच्याआधी आम्ही त्याला दुसरीकडे दाखवत होतो. पाण्याचं भांडं दिवसातून तीनतीनदा रिकामं होतंय, रात्री दोनदा उठून दाराशी उभा राहतो, पाठीची हाडं हाताला लागतात, हे मी तिथे दोन वेळा सांगितलं. दोन्ही वेळा त्याला हातसुद्धा न लावता उत्तर मिळालं, ‘13 वर्षांचा आहे ना, वय झालं, चालायचंच.’ साधी रक्ता-लघवीची तपासणी करू म्हणून कुणी म्हणालं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी रक्त घेतलंत. किडनी किती काम करते ते दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा आल्यावर मी विचारलं, आधी कळलं असतं तर? माझं मन राखायला तुम्ही ‘काही फरक पडला नसता’ म्हणू शकला असता. तुम्ही खरं सांगितलंत. किडनीचं दोनतृतीयांश काम बंद पडेपर्यंत कुत्र्यात वरून फारसं काही दिसतच नाही, गेलेली किडनी परत येत नाही. पण लवकर कळतं तर पथ्यावर आणि औषधांवर त्याचे आणखी काही महिने बरे गेले असते. ते ऐकून जीव तुटला. पण त्या दिवसापासून तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसला. म्हणूनच सहा आठवड्यांनी तुम्ही ‘आता त्याला सोडवूया’ म्हणालात, तेव्हा मी वाद घातला नाही.

शेवटच्या दिवसाचं सगळं लिहिणार नाही. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की डोळे मिटणार नाहीत आणि सगळं संपल्यावरही एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटेल, घाबरू नका. दोन्ही झालं. मी घाबरलो नाही, त्याच्या कानामागून हात फिरवत राहिलो.

मग तुम्ही त्याच्या पुढच्या पायातली सुई काढलीत. तो गेलेला होता. स्टेथोस्कोप लावून तुम्हीच मला तसं सांगितलं होतं. तरी सुई काढताना तुम्ही वाकून त्याला म्हणालात, ‘झालं हं बाळा, झालं.’ कापूस दाबून धरलात. केस कापलेल्या त्या चौकोनावर निळी पट्टी गुंडाळलीत, फार घट्ट नाही ना म्हणून तिच्याखाली बोट घालून पाहिलंत आणि वर उभे राहिलेले केस लवीच्या दिशेने नीट बसवलेत. बाहेर माणसं थांबली होती, तुम्हाला घाई असणार. पट्टी सैल आहे की घट्ट, याने आता कुणाला काय फरक पडणार होता?

मला पडला, डॉक्टर. खूप पडला.

त्यानंतर ‘कुत्राच तर होता’, ‘दुसरं पिल्लू आण, विसरशील’ असं बरंच ऐकलं. जवळच्या माणसांकडूनही. अशा वेळी मला तुमचं ते बोट आठवतं. चांगुलपणा म्हणजे मला आता तेच वाटतं. ज्याच्याकडून काही परत मिळणार नाही, ज्याला कळणारही नाही, त्याचंही नीट करणं. अशी माणसं आहेत म्हणून आपल्या मुक्या जिवाला दुसऱ्याच्या हातात द्यायची हिंमत होते.

पट्टी मी काढली नाही. चादरीत गुंडाळताना तोच पाय बाहेर राहिला होता. एखादं लहानसं दुखणं बरं करून घरी निघाल्यासारखा दिसत होता तो. तसंच त्याला मातीत ठेवलं.

मनापासून आभार.

बंड्याच्या घरचे सगळे