बरणीतलं रान

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "अंगणभर झाडं सोडून गेलीस आणि आता बरणीत कोंडतेस?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण तुला नीट उत्तर द्यायचं राहिलं.

इथली बाल्कनी उत्तरेकडे, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. जास्वंद इथे धरणार नाही. पण नेचे, शेवाळ, फिटोनिया (रंगीत शिरांच्या पानांचं छोटं रोप) यांना असाच मऊ उजेड मानवतो. बरणीच्या तळाशी खडे, त्यावर कोळशाचा पातळ थर, मग ओलसर माती. रोपं लांब चिमट्याने बसवायची आणि झाकण लावायचं. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते, थेंब होऊन ओघळते, तेच पाणी मुळं पुन्हा ओढून घेतात. सकाळी काच धुरकट दिसते, दुपारपर्यंत निवळते. दिवसभर तशीच राहिली तर पाणी जास्त झालंय असं समजायचं आणि झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं. तुळस मात्र यात लावायची नाही हं, तिला ऊन-वारा लागतो, बंद बरणीत सडेल बिचारी.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. 1829 साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत ठेवला, आणि त्या मातीतून नेचा उगवला. बाहेर त्यांच्या बागेत शहराच्या धुराने नेचे जगत नव्हते! पुढे तशाच काचपेट्यांतून रोपं जहाजांवरून खंड ओलांडू लागली. चीनमधली चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांत आली तीही अशीच. इंग्रजांनी त्यावर धंदा केला, ते वेगळं.

मला यात काय मिळतं? ऑफिसात दिवसभर प्रत्येक गोष्टीत हात घालावा लागतो. इथे जितकी लुडबूड कमी, तितकी झाडं खूश. सुरुवातीला फार जड गेलं, तुझीच मुलगी ना! आता नेच्याची गुंडाळलेली कोवळी पालवी हळूहळू उलगडताना नुसती बघत बसते. संध्याकाळी फोन कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

दिवाळीला इकडे या. माळ्यावरची रुंद तोंडाची काचेची बरणी घेऊन ये, आई, लोणच्याचा वास जाईपर्यंत धुऊन. आणि "झाडांना पाणी कोण घालणार" हे कारण या वेळी चालणार नाही. शेजारच्या काकूंशी माझं बोलणं झालंय.

तुमची लेक