एका रंगातलं चित्र अपुरं नसतं

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शालेय चित्रकला स्पर्धेत, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आठवीतल्या मुलीचं चित्र बाजूला काढलं. शेरा होता, ‘रंगकाम अपूर्ण’. चित्र पूर्ण होतं, फक्त सेपिया या एकाच तपकिरी रंगात केलेलं. धो धो पावसात स्टँडवर उभी एसटी आणि टपावर फुटणारे पाण्याचे तुषार. त्या तुषारांपुरता कागद तिनं कोरा राखला होता. तो तसा राखता येईपर्यंत तीन कागद वाया गेले होते.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एकाच रंगात काम करणं सोपं, हा गैरसमज पालकांचा असतो तसा परीक्षकांचाही असतो, याचं वाईट वाटतं. मुलांना मी जास्वंदीची फांदी समोर ठेवून देते. रंगीत चित्रात ते लालभडक फूल आपोआप उठून दिसतं. एका रंगात मात्र मुलं अडतात, कारण लाल पाकळी आणि हिरवं पान यांचा गडदपणा जवळजवळ सारखाच, आणि फूल पानांत बुडून जातं. मग डोळे किलकिले करून बघायचं. उन्हाची तिरीप कुठल्या पाकळीवर आहे? मागचं पान आणखी गडद करायचं, की पाकळीची कड कोरी सोडायची? जलरंगात पांढरं म्हणजे कागदच, एकदा झाकला की गेला. शिवाय वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळला की फिका पडतो, म्हणून ओला असताना वाटतं त्याहून गडद लावावा लागतो. एवढी हिंमत हाताला यायला महिने जातात.

पण मिळतं तेही मोठं असतं. ओटीवर ठेवलेला तांब्या रंगवताना हीच मुलगी म्हणाली, ‘‘बाई, सावली सगळीकडे सारखी काळी नाहीये.’’ खरंच नव्हती. बुडाशी गडद, लांब जाईल तशी विरत गेलेली, आणि तांब्याच्या पोटावर जमिनीवरचा उजेड उलटा चढलेला. रंगपेटी हातात असताना हे तिला कधी दिसलं नव्हतं. (आम्हा रत्नागिरीकरांना तर सेपिया परका नाही. माकूल हा समुद्रातला जीव साफ करताना हात काळे करणारी जी शाई, तिच्याच जातीच्या शाईपासून पूर्वी हा रंग बनवत.)

वारली चित्रांचं आपण केवढं कौतुक करतो! गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. पिकासोनं १९३७ साली ‘गेर्निका’ हे चित्र काळ्या, पांढऱ्या आणि करड्यातच रंगवलं. त्यांना कोणी अपूर्ण म्हणत नाही.

आणि ज्या घरात रंगांची पेटी परवडत नाही, तिथल्या मुलाला एक ट्यूब आणि एका गोल ब्रशवर वर्षभर शिकता येतं, हेही संयोजकांनी लक्षात घ्यावं.

माझी मागणी छोटी आहे. स्पर्धेच्या नियमावलीत ‘एकरंगी चित्र चालेल’ एवढी ओळ छापावी. परवा त्या मुलीनं विचारलं, ‘‘बाई, पुढच्या वर्षी एसटीला लाल रंग देऊ का?’’ ती ओळ छापली गेली, तर मला तिला ‘नको’ म्हणता येईल.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, रत्नागिरी